मोटारीचें अनुमान व आईचा अनुभव

तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांत विद्यार्थ्याला डोंगरावरचा धूर दाखवितात. धूर दिसला, त्यावरून तेथें अग्नि असला पाहिजे असें ठरविलें, म्हणजे अनुमान झालें. वर्गांतला एखादा चौकस मुलगा लगेच विचारतो, "गुरुजी, तो धूर नसून धुकें असेल तर?" मग गुरुजी सांगतात कीं, अशा वेळीं विचाराची सांखळी बिनचूक असते, फक्त तिची पहिली कडी खोटी असते, आणि पहिलीच कडी खोटी असली, म्हणजे पुढच्या कड्या जितक्या मजबूत तितकी चूक अधिक ठामपणें होते. संस्कृतच्या वर्गांत हा दाखला मीं कितीदां तरी दिला असेल. तोच धडा उतारवयांत घरच्या मोटारींत बसून मला पुन्हां गिरवावा लागेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

आमच्या चिरंजीवांनीं तीन वर्षांपूर्वीं एक मोटार घेतली. तींत स्वयंचलित वातानुकूलन आहे. साध्या गाडींत पंख्याचा वेग व गारव्याचें बटण आपण हातानें कमीजास्त करतों. या गाडींत तसें कांहीं करावें लागत नाहीं. 'ऑटो' हें बटण दाबून आपल्याला किती अंशांची हवा हवी तो आंकडा एकदां लावला, कीं गारवा किती, वारा किती, तो अंगावर सोडावयाचा कीं पायांवर, हें सारें गाडी स्वतः ठरविते. आमच्या घरीं तो आंकडा २४ असा कायमचा ठरून गेला होता.

गेल्या वैशाखांत वाईला माझ्या भाच्याच्या मुलाची मुंज होती. पुण्याहून निघावयास अकरा वाजले. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची. ती मागच्या बाजूस बसली होती. शिरवळ येईपर्यंत ती कांहीं बोलली नाहीं. शिरवळ सोडल्यावर म्हणाली, "अरे, मला फार गारठा लागतो आहे. जरा कमी करा ना तें." चिरंजीवांनीं समोरच्या पडद्याकडे बोट केलें. "आजी, चोवीसच आहे बघ. चोवीस म्हणजे कांहीं थंडी नव्हे." सूनबाईंनीं तिच्या अंगावर शाल घातली. खंबाटकीचा घाट चढतांना ती पुन्हां म्हणाली, "माझे पाय बधिर झाले रे." तेव्हां मी, तिचा पोटचा मुलगा, काय म्हणालों? "आई, वयाप्रमाणें थंडी जास्त वाजतेच. बाहेर ऊन केवढें आहे तें पाहा!" आमच्या या शहाणपणावर ती एवढेंच बोलली, "तुमच्या त्या आंकड्याला थंडी वाजत नाहीं, मला वाजते."

वाईला उतरली तेव्हां तिचे हातपाय बर्फासारखे झाले होते व अंगांत कांपरें भरलें होतें. गांवांतल्या डॉक्टरांनीं ऊबदार पांघरुणें, गरम पेय व विश्रांति सांगितली. दुसऱ्या दिवशीं बटूच्या डोक्यावर अक्षता टाकावयास ती मांडवांत नव्हती. आंतल्या खोलींत दोन रजया घेऊन पडून होती. पुण्यास परतल्यावर तिनें सांगून टाकलें कीं, आपण आतां या गाडींत पाय ठेवणार नाहीं. ज्येष्ठांत तिला अंबाजोगाईस कुलस्वामिनीच्या दर्शनाला न्यावयाचें आम्हीं ठरविलें होतें. योगेश्वरीला एकदां डोळे भरून पाहावें, ही तिची कित्येक वर्षांची इच्छा. तीहि तिनें सोडून दिली. "देवीला येथूनहि नमस्कार पोंचतो," असें ती म्हणाली. तें ऐकून मला काय वाटलें, तें ज्यांच्या घरीं वृद्ध आई आहे त्यांना सांगावयास नको.

चिरंजीवांनीं गाडी एका कार्यशाळेंत नेली. तेथील कारागिरांनीं गॅस तपासला; तो पुरेसा निघाला. "हवा इतकी गार येते आहे, मग तक्रार कसली?" असा उलट प्रश्न त्यांनीं केला. फारच आग्रह धरल्यावर, सबंध कंट्रोल युनिट बदलून पाहावें लागेल, त्यास ३८ हजार रुपये पडतील, असें उत्तर मिळालें. 'बदलून पाहावें लागेल' यांतला 'पाहावें' हा शब्द मला खटकला. रोग कोणता हें न ठरवितां औषध देण्यासारखें तें होतें. मीं चिरंजीवांकडे आठ दिवसांची मुदत मागितली.

वाचकांनीं माझ्याविषयीं गैरसमज करून घेऊं नये. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला, जन्म रूपें व समास शिकविण्यांत घालविलेला मनुष्य. यंत्रविद्येंत मला गति नाहीं. परंतु आमच्याच शाळेंत शास्त्र शिकविणारे माझे एक स्नेही शेजारींच राहतात. त्यांनीं ज्ञान पुरविलें, मीं शंका पुरविल्या, आणि दोघांनीं मिळून या यंत्राचा पिच्छा पुरविला. त्यांत जें कळलें तें असें.

गाडी विचार कसा करिते

मोटारींत गार हवेची सोय ही गोष्ट तशी जुनीच आहे. अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या नमुन्याच्या गाड्यांत ती कारखान्यांतूनच बसवून दिली. पण त्या यंत्राला तापमानाची जाणीव अशी नव्हतीच. गारवा पुरे झाला, तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवून ठेवावा लागे. १९६४ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत 'कम्फर्ट कंट्रोल' नांवाची योजना आली. तींत आपण फक्त आंकडा लावावा व बाकीचें गाडीनें पाहावें, असें झालें. आज आपल्याकडे मध्यम किंमतीच्या गाड्यांतहि जी सोय दिसते, ती याच योजनेची वंशज होय.

आतां, जी वस्तु स्वतः निर्णय घेते तिला ज्ञानेंद्रियें हवींत. गाडीचीं हीं इंद्रियें म्हणजे तिचे सेन्सर. मुख्य सेन्सर चार. पहिला आंतल्या हवेचा. हा डॅशबोर्डवर, बहुधा सुकाणूच्या जवळपास, एका लहानशा जाळीमागें असतो. दुसरा बाहेरच्या हवेचा. तो पुढच्या बंपरच्या आड, रेडिएटरच्या पुढें असतो. तिसरा उन्हाचा, समोरच्या कांचेखालीं डॅशबोर्डवर जो काळसर लहान घुमट दिसतो, तो हा. चवथा आंत, हवा गार करणाऱ्या कॉइलपाशीं. यांशिवाय इंजिनाचें पाणी किती तापलें आहे, हेंहि गाडीला ठाऊक असतें.

उन्हाचा सेन्सर प्रकाश ओळखतो. बाकीच्यांत थर्मिस्टर नांवाचा मण्याएवढा तुकडा असतो. तापमान वाढलें कीं त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. असा गुण कांहीं द्रव्यांत असतो, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३३ सालीं रुप्याच्या सल्फाइडमध्यें पाहिलें होतें. नेहमींच्या एका जातीच्या थर्मिस्टरचा विरोध २५ अंशांवर १०,००० ओम असतो. शून्य अंशावर तो सुमारें तिप्पट होतो, आणि ५० अंशांवर निम्म्याहूनहि खालीं येतो. गाडी तो विरोध मोजते आणि त्यावरून तापमान ताडते. हाच तिचा धूर, आणि यावरूनच तिचें अग्नीचें अनुमान.

या सर्व साक्षी जमवून गाडीचा नियंत्रक ठरवितो कीं, जाळ्यांतून किती अंशांची हवा किती वेगानें सोडली असतां आंतली हवा मागितलेल्या आंकड्यावर येईल. मग तो एका चिमुकल्या मोटरीला आज्ञा करितो. ही मोटर हवेच्या मार्गांतला एक फ्लॅप हलविते. गार कॉइलवरून आलेल्या हवेपैकीं किती हवा गरम पाण्याच्या हीटर कॉइलवरून न्यावयाची, हें त्या फ्लॅपवर अवलंबून. स्नानाच्या वेळीं बादलींत थंड व ऊन पाणी आपण जसें मिसळतों, तसाच हा प्रकार.

हें सारें ऐकतांना माझ्या स्नेह्यांनीं सहज एक वाक्य उच्चारलें, आणि मी थक्क झालों. ते म्हणाले, "पडद्यावरचा २४ हा गाडीनें मोजलेला आंकडा नव्हेच. तो तुम्हीं गाडीला दिलेला हुकूम आहे."

वाचकहो, यांतच आमची सारी चूक होती. ज्या आंकड्याची साक्ष काढून आम्ही आईला खोटें पाडीत होतों, तो साक्षीदार नव्हताच. तो आमच्याच तोंडचा शब्द आम्हांला परत ऐकूं येत होता. आंत खरोखर किती अंश आहेत हें पडद्यावर कोठेंच लिहिलेलें नव्हतें. तें गाडींतल्या एकाच व्यक्तीला कळत होतें, आणि तिचें आम्हीं ऐकलें नाहीं.

दोषाचा शोध

प्रथम आम्हीं खरी साक्ष मिळविली. ताप पाहण्याचें थर्मामीटर येथें निरुपयोगी. तें ३५ अंशांच्या खालीं कांहीं सांगतच नाहीं. स्नेह्यांच्या संग्रहीं भिंतीवर टांगण्याचें एक साधें थर्मामीटर होतें, तें आम्हीं मागच्या बाजूस, आईच्या हनुवटीच्या उंचीवर, उन्हाची तिरीप किंवा जाळींतला झोत लागणार नाहीं अशा बेतानें बांधलें. भर दुपारीं बारा वाजतां, उन्हांत उभी असलेली गाडी घेऊन आम्ही कात्रजच्या बाजूस गेलों. हुकूम २४ चा. अर्ध्या तासानें थर्मामीटर पाहिलें, तर १८! सूर्यास्तानंतर तोच रस्ता, तोच हुकूम, थर्मामीटर २३. दुसऱ्या दिवशीं दुपारींच, पण वडाच्या दाट सांवलींत दोन तास उभी करून ठेवलेली गाडी घेऊन निघालों, तर २१.

अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असतां कार्य असणें व कारण नसतां कार्य नसणें, ही कसोटी आपल्या शास्त्रकारांनीं घालून दिली आहे. ऊन असतां दोष असे, ऊन नसतां दोष जवळजवळ नाहींसा होई. म्हणजे दोषाचा संबंध उन्हाशीं. मग उन्हाच्या सेन्सरवर संशय येणें साहजिक होतें. ऊन दिसलें कीं तो गाडीला थोडा अधिक गारवा सोडावयास सांगतो, आणि तें योग्यच आहे. कारण हवा २४ अंशांची असली तरी अंगावर ऊन आलें कीं मनुष्याला उकडतें. आम्हीं त्याच्यावर जाड टोपी पालथी घातली. तो खोटें बोलत असता तर गारठा थांबला असता. पण थर्मामीटर जेमतेम एक अंश चढलें. तो सुटला.

बाहेरच्या हवेचा सेन्सर ३७ अंश दाखवीत होता. घराच्या गच्चीवर सांवलींत मोजलें तर तितकेच निघाले. तोहि सुटला. फ्लॅप अडकला असता, तर हुकूम बदलून कांहीं उपयोग झाला नसता. परंतु आंकडा २९ वर नेतांच हवा ऊबदार येऊं लागली. तोहि निर्दोष. उरला आंतल्या हवेचा सेन्सर.

येथें एक बारकी गोष्ट समजून घेतली पाहिजे. हा सेन्सर जाळीमागें नुसता बसून राहिला, तर त्याला बैठकींतल्या हवेची वार्ता कशी लागावी? त्याच्याभोंवतीं डॅशबोर्डच्या पोटांतली कोंडलेली हवा असते, आणि उन्हांत तापलेला काळा डॅशबोर्ड म्हणजे तवाच. उन्हांत बंद ठेवलेली गाडी आंतून बाहेरच्या हवेपेक्षां १५–२० अंशांनीं सहज अधिक तापते. डॅशबोर्डचा पृष्ठभाग तर त्याहूनहि. म्हणून बैठकींतली हवा त्या जाळींतून सतत थोडीथोडी ओढून सेन्सरवरून वाहती ठेवण्याची योजना असते. कांहीं गाड्यांत त्यासाठीं एक अगदीं लहान पंखा असतो. कांहींत एक नळी असते, आणि मोठ्या ब्लोअरच्या जोरदार झोतामुळें त्या नळींतून हवा आपोआप ओढली जाते. श्वास चालू असेल तरच नाकाला वास कळतो, तसें हें.

गाडी श्वास घेते कीं नाहीं, हें पाहण्याची युक्ति अगदीं सोपी आहे. ब्लोअर जोरांत चालू करून, टिश्यू कागदाचा बोटभर तुकडा त्या जाळीवर धरावा व सोडावा. हवा ओढली जात असेल तर तो जाळीला चिकटून राहतो. स्नेह्यांच्या गाडींतहि अशीच नळी आहे. तेथें कागद चिकटला. आमच्या गाडींत तो पानासारखा खालीं गळून पडला. पुन्हां धरला, पुन्हां पडला.

मग आमच्या पेठेंतल्या एका जुन्या मेकॅनिकला बोलाविलें. त्यानें सुकाणूच्या बाजूची पट्टी काढली आणि विजेरीच्या उजेडांत आम्हांला दाखविलें: नळी आपल्या जागेवरून सुटून लोंबत होती. "येथें कोणी काम केलें होतें का?" त्यानें विचारलें. केलें होतें. आदल्या दिवाळींत चिरंजीवांनीं गाणीं ऐकण्यासाठीं मोठ्या पडद्याचें नवें यंत्र बसवून घेतलें होतें. तें बसवितांना कोणाच्या तरी हाताचा धक्का नळीस लागला, आणि ती परत जोडावयाची राहिली. शिवाय त्या नव्या पडद्याची उष्णताहि त्याच पोकळींत सांठत होती. हिंवाळ्यांत गारव्याची गरज नव्हती म्हणून कोणाच्या लक्षांत आलें नाहीं; वैशाखांत आईला तें भोगावें लागलें.

आतां गाडीचा सबंध विचार उलगडला. सेन्सरला तापलेल्या डॅशबोर्डची हवा लागे. ती बैठकींतलीच आहे असें समजून गाडी म्हणे, "आंत भयंकर उकडतें आहे," आणि प्रामाणिकपणें बर्फासारखी हवा सोडी. बैठक गारठली तरी डॅशबोर्डचें पोट तापलेलेंच राही, म्हणून ती थांबत नसे. तिच्या तर्कांत दोष नव्हता. तिनें धुक्याला धूर मानलें होतें, एवढेंच. मेकॅनिकनें नळी बसविली, चाप लावला, पट्टी लावली. वीस मिनिटें लागलीं. मजुरी ३०० रुपये. टिश्यूचा कागद जाळीला चिकटून राहिलेला पाहून आम्हां दोन म्हाताऱ्यांना झालेला आनंद वर्गांतल्या मुलांच्या आनंदाहून कमी नव्हता.

घरोघरच्या उपयोगासाठीं

प्रत्येक गाडीचा दोष हाच असेल असें नाहीं. म्हणून लक्षण पाहून कारण कसें ओळखावें, तें थोडक्यांत देतों.

(१) दुपारीं उन्हांत अति गार व रात्रीं ठीक, असें असेल तर वर सांगितल्याप्रमाणें आंतल्या सेन्सरचा श्वास तपासावा. जाळी धुळीनें, केंसांनीं किंवा कापसाच्या तंतूंनीं बुजली असेल, तर मऊ ब्रशानें झाडावी. तिच्यावर सुगंधाची कुपी अथवा शोभेचा कागद चिकटविलेला नसावा.

(२) याच्या उलट, उन्हांत पुरेसें गार होत नाहीं आणि ढगाळ दिवशीं तक्रार नसते, असें असेल तर डॅशबोर्डवर काय ठेवलें आहे तें पाहावें. आमच्या दुसऱ्या शेजाऱ्यांनीं तेथें मखमली कापड अंथरून त्यावर गणपति बसविला होता. उन्हाचा सेन्सर नेमका त्याखालीं झांकला गेला, आणि गाडीच्या लेखीं सदाचाच अंधार! देवाला चार बोटें बाजूस बसवून व कापड तेवढें कापून काम भागलें. हा सेन्सर तपासावयाचा तर गाडी उजेडांत आणावी. अंधाऱ्या गॅरेजांत निरोगी सेन्सरहि कित्येकदां सदोष भासतो.

(३) बाहेरच्या हवेचा आंकडा चमत्कारिक दिसत असेल, जसें मे महिन्यांत उणें ४०, तर त्या सेन्सरची तार तुटली आहे किंवा जोड निसटला आहे असें समजावें. बंपरला ठोकर बसल्यावर अगर त्याची दुरुस्ती झाल्यावर असें होतें. तार तुटली कीं विरोध अपरिमित होतो, आणि गाडीच्या गणितांत अपरिमित विरोध म्हणजे पराकाष्ठेची थंडी. बाहेर बर्फ पडत आहे अशी समजूत झाल्यामुळें कित्येक गाड्या कॉम्प्रेसर चालूच करीत नाहींत. मात्र रहदारींत खोळंबल्यावर हा आंकडा थोडा फुगलेला दिसला तर घाबरूं नये. तो इंजिनाच्या आंचेचा परिणाम असतो. दहा मिनिटें मोकळ्या रस्त्यावर चालवून मग पाहावें.

(४) एका बाजूस गार व दुसऱ्या बाजूस गरम हवा येत असेल, आणि डॅशबोर्डच्या आंतून टिकटिक असा आवाज येत असेल, तर फ्लॅप हलविणाऱ्या मोटरीच्या प्लॅस्टिकच्या चाकांचे दांते झिजले असण्याचा संभव असतो. आवाज नसेल तर गॅस कमी झाला आहे काय, हेंहि पाहावें. तो कमी झाला तरी दोन बाजूंत असाच फरक पडतो.

(५) प्रथम उत्तम गार, आणि अर्ध्यापाऊण तासानें वारा मंद होत जाऊन बंद पडल्यासारखा होतो, असें असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉइलपाशींचा सेन्सर चुकत असेल, अथवा हवेचा फिल्टर धुळीनें गच्च झाला असेल. फिल्टर आधीं पाहावा; तो स्वस्त आहे.

(६) बॅटरी काढून पुन्हां बसविल्यावर दोष सुरू झाला असेल, तर फ्लॅपच्या मोटरींना आपल्या दोन्हीं टोंकांची ओळख नव्यानें करून द्यावी लागते. कांहीं गाड्या ही ओळख चावी फिरविल्यावर आपोआप करून घेतात. त्या वेळीं मिनिटभर एकाहि बटणाला हात लावूं नये.

कार्यशाळेंत गेल्यावर, "कोणता भाग बदलावा?" असें न विचारतां, "स्कॅनर लावून प्रत्येक सेन्सर आतां किती अंश सांगतो तें वाचून दाखवा," असें म्हणावें, व तो आंकडा आपल्या थर्मामीटरशीं ताडून पाहावा. सकाळीं, रात्रभर थंड झालेल्या गाडींत इंजिन सुरू करण्यापूर्वीं, सर्व सेन्सरांचे आंकडे जवळजवळ सारखे असावयास हवेत. ज्याचा निराळा तो संशयित. मात्र डॅशबोर्ड स्वतः उघडण्याचें धाडस कोणीं करूं नये. त्याच्या आंत एअरबॅगच्या तारा असतात. बहुधा पिवळ्या आवरणाच्या. तेथें जाणत्याचाच हात हवा.

आणि दोष सांपडेपर्यंत काय करावें? आंकडा वाढवावा! आंतल्या माणसाला थंडी वाजत असेल तर २४ चे २८ करावे, २९ करावे. तो आंकडा कोणा शास्त्रकाराचें वचन नव्हे. खंबाटकीच्या घाटांत चिरंजीवांनीं हात पुढें करून बटण चार वेळां दाबलें असतें, तर आईला मुंजीच्या दिवशीं अक्षता टाकतां आल्या असत्या. आम्हां तिघांपैकीं एकालाहि तें सुचलें नाहीं, कारण आंकडा बरोबर दिसत होता.

वृद्धांचें शरीर स्वतःची ऊब राखण्यांत दुबळें पडतें. अठरा अंशांत तरुणाला सुखद वाटेल, तेथें सत्त्याऐंशी वर्षांची बाई गारठून जाते. म्हणून त्यांच्या तक्रारीला 'वय झालें' हें उत्तर नसून, वय झालें आहे म्हणूनच ती आधीं ऐकावयाची असते. आप्ताचें वचन प्रमाण मानावें, असें मीं मुलांना शिकविलें. जो वस्तु जशी आहे तशी जाणतो व तशीच सांगतो, तो आप्त. स्वतःच्या पायांच्या थंडीविषयीं माझ्या आईहून मोठा आप्त त्या गाडींत कोण होता?

असो. आईची समजूत घालण्यास तीन दिवस लागले. गाडी दुरुस्त झाली, हें सांगून ती मानीना. शेवटीं चिरंजीवच तिच्याजवळ जाऊन बसले व म्हणाले, "आजी, चूक गाडीची नव्हती, माझी होती. तूं सांगितलेंस, तें मीं ऐकलें नाहीं." तेव्हां ती निघाली.

ज्येष्ठाच्या आरंभीं आम्ही अंबाजोगाईस गेलों. थर्मामीटर आईनें स्वतःच्या हातांत घेतलें होतें. बीड जिल्ह्यांत शिरलों तेव्हां दुपारचे साडेबारा झाले होते व बाहेर ४० अंश होते. चिरंजीवांनीं गाडी बाजूस घेतली, पडद्याकडे न पाहतां मागें वळले, आणि विचारलें, "आजी, कसें वाटतें आहे?"

तिनें थर्मामीटर डोळ्यांजवळ नेऊन पाहिलें. चोवीस होते. मग तें तिनें पिशवींत ठेवून दिलें.

"बरें वाटतें आहे," ती म्हणाली. "पण एक अंश वाढव. आणि पायांवर शाल असूं दे."

चिरंजीवांनीं २५ केले. पुढचा सबंध रस्ता ती खिडकींतून बाहेर पाहत होती.